आजीची अर्धी ओवी

मी सूतगिरणीत आहे. तिसरी पाळी. रिंग फ्रेमवर धागा तुटला की सांधायचा, परत तुटला की परत सांधायचा. सकाळी नाकातनं कापूस निघतो. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काय वाचन झालं ते रद्दीच्या दुकानात आणि विहाराच्या कपाटात. कविता करतो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढं जे लिहिणार आहे त्यात माझा एक गुन्हा आहे. गुन्हा कबूल करणाऱ्यानं आधी आपला पत्ता द्यावा, म्हणून हे.

गाव मुळशी तालुक्यात, पुणे जिल्हा. बाहेरच्या माणसाला मुळशी दोन गोष्टींनी ठाऊक. एक, १९२१ सालचा सत्याग्रह. टाटांच्या धरणाविरुद्धचा, सेनापती बापटांचा. दुसरी, २०१८ सालचा 'मुळशी पॅटर्न' सिनेमा. जमिनी विकल्या, पैसा उडाला, पोरं गुंडगिरीला लागली. मधल्या शंभर वर्षांत मुळशीत काय झालं हे कुणी विचारत नाही. मी सांगतो. मधल्या शंभर वर्षांत मुळशीच्या बायांनी पीठ दळलं. आणि दळताना गाणी रचली.

तुम्ही म्हणाल, झालं सुरू! जात्यावरची ओवी! पाठ्यपुस्तकातला धडा! मीपण असंच म्हणायचो. जरा थांबा.

आधी एक हिशोब बघा. धरण झालं. मुळशीचं पाणी घाटाखाली कोकणात भिऱ्याला पाडलं. १९२७ पासनं तिथली वीज मुंबईला जायला लागली. त्या विजेवर गिरण्या चालल्या. आमच्या वाडीत मात्र रॉकेलची चिमणी. माझा आजा त्याच मुंबईच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. म्हणजे पाणी मुळशीचं, हात मुळशीचे, आणि घरी आजी अंधारात. नवरा विजेच्या साच्यावर, बायको हाताच्या दगडावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजा वर्षभरानं पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आला, तो परत गेलाच नाही. ही गोष्ट मी घरात शंभरदा ऐकली. आजाची. त्या सालातली आजीची गोष्ट कुणी सांगितली नाही. मीही विचारली नाही.

आजीचं लग्न झालं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची पोर. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्याच्या आदल्या साली. सासरी आली ती थेट जात्यावर बसली. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं. खालची तळी, वरची तळी, वरच्या तळीच्या कडेला खुंटा. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्या हातानं तोंडात वैरण घालायची. नाचणी असो, वरी असो, तांदूळ असो. समोर जाऊ नाहीतर नणंद असली तर दोघींचे हात खुंट्यावर. नसली तर एकटीनं. सासू भिंतीपलीकडं जागी. नवरा मुंबईला. बोलायला कुणी नाही. म्हणून दगडाशी बोलायचं. एक ओळ सुचली की गायची, दगड दोन-चार वेढे फिरला की दुसरी ओळ जुळवायची. झाली ओवी. कागद नाही, पेन्सील नाही, अक्षर ओळख नाही. चालीला त्या बाया 'गळा' म्हणतात. आजीचा गळा जाडसर, मधीच फाटायचा.

आता मला सांगा. बारा-पंधरा वर्षांची पोरगी. शब्द तिचे, गळा तिचा, वाद्य म्हणजे एक दगड. तिला आपण काय म्हणतो? 'बाई दळते आहे' म्हणतो. हीच पोरगी पेटी घेऊन स्टेजवर चढली असती तर कवयित्री म्हटलं असतं, शाहीर म्हटलं असतं. आपल्याकडं एखाद्या गायकाची पहिली कॅसेट निघाली की फ्लेक्स लागतो, हार पडतो, जयंतीला बोलावणं येतं. लागूदे, मला आनंदच आहे. वामनदादा कर्डकांनी मुंबईत मजुरी केली, अक्षरं मोठेपणी गिरवली, १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं. हे आपल्याला पाठ आहे आणि पाठ असायलाच पाहिजे. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आपण पहिल्या सुराला ओळखतो. पण आपल्याच घरातली बाई काय गात होती, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता माझा गुन्हा.

२०१४ साल. चुलत बहिणीचं लग्न. मी सोळा वर्षांचा. दोन दिवसांच्या शिबिरातनं नुकताच आलेलो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. डोक्यात नुसता जाळ. हळद दळायला बायांनी पडवीच्या कोपऱ्यातलं जातं पुढं ओढलं. कितीतरी वर्षांनी ते फिरत होतं. आजी बसली, समोर शेजारची म्हातारी बसली. आजीनं गळा काढला. पहिल्याच ओळीत सीता आली आणि राम आला.

मी सगळ्यांच्या देखत ओरडलो. "आजी, बंद कर! बौद्धाच्या घरात रामाचं गाणं? लाज वाटत नाही?"

जातं थांबलं. आजीनं खुंटा सोडला. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी कुठल्या गावचा कोण, असं बघितलं.

"बरं बाबा," म्हणाली. "तू चार बुकं वाचलेला हायस."

उठली आणि चुलीपाशी गेली. हळद मग दुकानातनं आणली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट चावडीवरचे दोघंतिघं म्हणाले, पोरगं तयार झालं. माझी छाती फुगली.

त्यानंतर आजी गायली नाही. भाताच्या लावणीला नाही, नातवंडाला झोपवताना नाही. मी जवळपास असलो तर नाहीच नाही. २०१९ साली ती गेली. शोकसभेत मी तिच्यावर स्वतःची कविता वाचली. लोकांनी डोळे पुसले. तिची एक ओवी मात्र कुणी म्हटली नाही. माझ्यासमोर कोण म्हणणार?

यानंतर तीन वर्षांनी, २०२२ साली, चळवळीतल्या एका मित्रानं मोबाईलवर काहीतरी पाठवलं. तुझ्या तालुक्यातलं आहे, ऐक म्हणाला. रात्री तीनच्या सुट्टीत गाठींच्या गोदामामागं बसलो, कानात वायर घातली. एका बाईचा आवाज आला. नांदगावच्या कुसुम सोनवणे. मुळशी तालुका. दोन ओळी गायल्या आणि माझा हात कानाकडं गेला. वायर काढायला गेला की दाबून धरायला, आजही सांगता येत नाही. गळा तोच. आजीचाच गळा. ती चाल माझ्या अंगात होती आणि मला ठाऊक नव्हतं.

नंतर शोध घेतला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ ही दोन माणसं. पॉइत्वाँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात राहून इथलेच झाले. मुळशी-मावळच्या डोंगरात गरिबांची संघटना बांधता बांधता त्यांच्या ध्यानात आलं की मीटिंगमध्ये तोंड न उघडणारी बाई जात्यावर सगळं बोलते. मग त्यांनी आणि गावागावातल्या कार्यकर्त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल हा संगीताचा अभ्यासक आला आणि आवाज टेपवर उतरले. महाराष्ट्रातली हजारावर गावं, तीन हजारांवर बाया, एक लाखावर ओव्या. पॉइत्वाँ २००४ ला गेले, राईरकर २०१० ला. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहानं २०१७ पासनं या ओव्या आवाजासकट लोकांपुढं ठेवल्या. आमच्याच तालुक्यातलं कोळवडे, तिथली खडकवाडी. तिथल्या ताराबाई उभे, लीलाबाई कांबळे. ही नावं मी मुळशीचा असून मला मोबाईलनं सांगितली. सेनापती बापटांचं नाव मात्र मला चौथीत पाठ होतं.

एक लाख! मित्रांनो, हा आकडा परत वाचा. एवढा मोठा कवितासंग्रह मराठीत दुसरा कुठला आहे? आणि त्यातल्या किती कवयित्रींना सही करता येत होती?

महिनाभर रोज रात्री सुट्टीत ऐकत राहिलो. त्यात काय नाही! माहेर आहे. भाऊ आहे. सासू आहे. पोटची भूक आहे. न विचारता दिलेलं लग्न आहे. आणि सीता आहे. सारखी सारखी सीता आहे. मी दात आवळून ऐकलं, पण या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हा कळलं. या बाया रामाची आरती करत नाहीत. रामाला जाब विचारतात. गर्भार बाईला रानात धाडली, तिचं काय चुकलं, हे विचारतात. सीतेचं नाव पुढं करून आपलं सांगतात. सासूचं नाव घेता येत नाही, नवऱ्याचं तर नाहीच नाही, मग सीतेचं घ्यायचं.

मी बसल्या जागी गार पडलो. २०१४ साली आजीनं पहिली ओळ गायली होती. दुसऱ्या ओळीत ती काय म्हणणार होती? मी 'राम' ऐकला आणि तिथंच तिचं तोंड बंद केलं. तक्रार ऐकलीच नाही. न्यायाधीशानं फिर्यादीचं नाव ऐकूनच फिर्यादीला बाहेर काढावं तसं.

बाबासाहेबांचं 'रिडल्स इन हिंदूइझम' महाराष्ट्र सरकारनं १९८७ साली छापलं. त्यात राम आणि कृष्णावरचं प्रकरण आहे. सीतेला रामानं कसं वागवलं याचा बाबासाहेबांनी त्यात पंचनामा केला आहे. ते प्रकरण गाळा म्हणून दंगा झाला, तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. आपल्या आधीच्या पिढीनं त्या पानांसाठी मोर्चा काढला. आणि मी, त्याच चळवळीचा पोरगा, तोच सवाल माझ्या अडाणी आजीनं जात्यावर टाकला तेव्हा तिला गप्प केलं! बाबासाहेबांनी इंग्रजीत विचारलं ते मला कळलं. आजीनं माझ्याच भाषेत विचारलं ते कळलं नाही.

उगाच गैरसमज नको. बावीस प्रतिज्ञा मी आजही पाळतो. रामाची पूजा करा असं मी म्हणत नाही, करणाऱ्याच्या पंगतीला बसत नाही. ओव्यांत सगळंच सोनं आहे असंही नाही. कुंकवाची थोरवी आहे, नशिबाची रड आहे, नवरा हाच देव असंही आहे. गुलामी त्यांच्या गळ्यात इतकी मुरली होती की कधी कधी त्यांनी तिचंच गाणं केलं. पण तेही ऐकायला पाहिजे. मूळ किती खोल गेलंय हे न बघता झाड उपटायला निघालेल्याच्या हातात नुसती पानं येतात.

आणि जातं परत आणा असं तर मुळीच म्हणत नाही. ज्यानं जातं ओढलं नाही तोच जात्याचं कौतुक करतो. नदीपलीकडच्या गावात पहिली पिठाची गिरणी आली तेव्हा आजी डोक्यावर पायली घेऊन चिखलातनं चालत जायची, पण जात्याला हात लावायची नाही. "खांदं सुटलं मपलं," म्हणायची. पिठाच्या गिरणीनं तिचे खांदे सोडवले. गाणं मात्र त्याच दगडाखाली राहिलं. याला गिरणी काय करणार? ते उचलून घ्यायचं काम आमचं होतं. पोरांचं, नातवांचं. लिहितावाचता येणाऱ्यांचं. आम्ही ते केलं नाही. मी तर उलटं केलं.

गेल्या वर्षावासात रजेवर गावी होतो. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. एका संध्याकाळी वाचन झाल्यावर मी म्हटलं, थांबा, दहा मिनिटं काहीतरी ऐकवतो. मोबाईल स्पीकरला जोडला. नांदगावचा आवाज विहारात घुमला.

दोन पोरं हसली. एक उठून बाहेर तंबाखू मळायला गेला. आमच्या शाखेचा एक हुशार पोरगा म्हणाला, "दादा, ह्यात भीम कुठंय?"

मी माजलगावची ओवी लावली. बीड जिल्हा, माजलगावची भीमनगर वस्ती. तिथल्या राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाखणकर. १९९६ साली टेपवर घेतलेला आवाज. त्या बायांनी त्याच जात्यावर, त्याच दोन ओळींच्या मापात बाबासाहेबांना आणून बसवलंय. घरचं माणूस असल्यासारखं. पोरगा खूश झाला. "हां, हे चालेल. हे स्टेटसला ठेवतो. बाकीचं राहूदे."

हे चालेल! माझाच आवाज मला ऐकू आला. सोळा वर्षांचा. चाळणी घेऊन बसलेला. ज्या बाईनं भीमाची ओवी रचली तीच बाई आदल्या रात्री भावाची वाट बघत होती, सासूच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होती, उपाशी लेकराला थोपटत होती. तिचा एक तुकडा आपण स्टेटसला ठेवणार आणि बाकीची बाई बाहेर उभी करणार? माणसं बाहेर उभी करणाऱ्यांचा आपल्याला चांगलाच अनुभव आहे. आपण तेच करायचं?

कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली एक पोरगी मागं बसली होती. ती हळूच म्हणाली, "दादा, ते सासरचं मघाचं परत लावा ना." एवढंच. मी लावलं. ती मान खाली घालून ऐकत होती. तिचं लग्न ठरवायचं चाललंय हे मला नंतर कळलं.

आणि मग भिंतीला टेकलेली शेजारची म्हातारी बोलली. तीच, जी त्या दिवशी जात्यावर आजीच्या समोर बसली होती. "आरं, आमच्या वाडीला ह्यो गळा न्हाय. आमचा येगळा." असं म्हणून तिनं विचारलं-बिचारलं नाही, सरळ गायला लागली. दात नाहीत, दम पुरत नाही. तिची झाली तशी दुसरीनं उचलली. मग तिसरीनं. तेव्हा मला समजलं की ओवी ऐकणाराची दाद कशी असते. टाळी नाही, वाहवा नाही. ऐकणारीनं आपली एक ओवी पुढं घालायची. दळण एकटीनं सरत नाही तसं.

निघताना म्हातारीनं मला थांबवलं. "तुज्या आजीची येक हाय मला ठावं. संपाच्या सालातली. तुजा आजा ट्रंक घिऊन आला तवाची."

मी तिथंच पायरीवर बसलो.

"संपाच्या गं सालामंदी जातं उपाशी बसलं," म्हातारी गायली. आणि थांबली. पुढची ओळ आठवेना. डोळे मिटले, हात खुंटा धरल्यासारखा फिरवला, परत पहिली ओळ गायली, परत थांबली. "गेली बाबा," म्हणाली. "व्हती चांगली. आमी दोगी हसलो बी व्हतो आन रडलो बी व्हतो त्या ओवीला."

दोस्तहो, मी गिरणी कामगार. गिरणीवरच्या कविता हुडकत मी नारायण सुर्व्यांपासनं सगळं वाचत आलो. संपावर कोण काय लिहून गेलं याची वही केली. आणि संपाची एक कविता माझ्या घरात होती. धान्य नाही म्हणून जातं उपाशी, असं म्हणणारी. दगडाची भूक बघणारी. ती रचणारी बाई माझ्या ताटात भाकरी वाढत होती आणि मी तिला गप्प करत होतो.

दुसरी ओळ मी जुळवायचा प्रयत्न केला. खोटं कशाला बोलू? कवी आहे, हात शिवशिवतो. रात्रपाळीत तीन-चार ओळी जुळल्या. यमकही बसलं. फाडून टाकल्या. तुटलेला धागा सांधणं माझं कामच आहे, पण हा धागा माझा नाही. तिथं माझी ओळ घातली तर आजीला दुसऱ्यांदा गप्प केल्यासारखं होईल. ती जागा मोकळी राहूदे. ती मोकळी जागा मी केली आहे, ती सगळ्यांना दिसूदे.

मात्र तुमच्या घरात अजून कुणी असेल. आजी, मावशी, आत्या, शेजारची म्हातारी. खिशात मोबाईल आहे, त्यात आवाज धरता येतो. एखाद्या दुपारी तिच्यापाशी जाऊन बसा. भाषण देऊ नका. तिला आधी लाज वाटेल, 'आता काय आठवतंय' म्हणेल. बसून राहा. एक ओवी आली की दुसरी येते. नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. या अंकाच्या संपादकांना मी सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला दोन पानं ओव्यांना द्या म्हणून. ते हो म्हणालेत.

फक्त एक करा. मधी थांबवू नका. भीम आला तरी ऐका, राम आला तरी ऐका. दुसरी ओळ होईस्तोवर तोंड उघडू नका.

जयभीम.